ग्रंथालयातील उमेदवारी

वैद्यकी, वकिली किंवा अध्यापन या व्यवसायांत आधी पदवी आणि मग काम असा क्रम सर्वसाधारणपणे मानला जातो. ग्रंथालयाच्या व्यवसायात मात्र, विशेषतः तालुक्याच्या गावांतील महाविद्यालयांत, तो पुष्कळदा उलटा असतो. तेथे माणूस प्रथम ग्रंथालयात येतो, पुस्तके झाडतो, लावतो, देतो-घेतो, आणि ज्या गोष्टी तो रोज हाताने करीत असतो त्यांना शास्त्रात काही नावे आहेत हे त्याला नंतर कळते. या अवस्थेला मराठीत एक नेमका शब्द होता, तो म्हणजे 'उमेदवारी'. आज तो निवडणुकीपुरता उरला असला, तरी पगाराची खात्री नसताना एखाद्या कचेरीत राहून, वडीलधाऱ्या कारकुनाच्या हाताखाली काम शिकणे हा त्याचा जुना अर्थ होता. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या सीमेवर, म्हसवड आणि भोवतालच्या दहिवडी-आटपाडी पट्ट्यातील महाविद्यालयांत ग्रंथपाल होण्याची तयारी कशी होते, हे समजून घ्यायचे तर याच जुन्या अर्थाकडे परत जावे लागते.

म्हसवड हे सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातले गाव माणगंगेच्या काठी, साताऱ्याहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. सिद्धनाथाचे देवस्थान, मार्गशीर्षातील रथयात्रा, घोंगड्यांचे विणकाम आणि पाठीला लागलेला दुष्काळ ही त्याची जुनी ओळख, तर १९९७ मध्ये येथे सुरू झालेली माणदेशी महिला सहकारी बँक ही नवी. या बँकेच्या परवान्याचा पहिला अर्ज प्रवर्तक स्त्रिया अंगठेबहाद्दर असल्याच्या कारणाने रिझर्व्ह बँकेने नाकारला, तेव्हा त्यांनी काही महिन्यांत अक्षरे गिरवली आणि त्या पुन्हा परवाना मागायला गेल्या, ही हकीकत बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा यांनी अनेक व्यासपीठांवरून सांगितली आहे. प्रस्तुत विषयाशी तिचा संबंध वरवरचा नाही. या मुलखात अक्षरे बहुधा कामाच्या मागून आली आहेत, आणि ग्रंथालयातील उमेदवाराचेही तसेच होते.

अशा ग्रंथालयात प्रवेश करण्याच्या वाटा थोड्या आणि ठरलेल्या आहेत. पहिली वाट 'कमवा व शिका' योजनेची. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि गरीब विद्यार्थ्याने श्रमाच्या मोबदल्यात शिकावे हे तत्त्व पुढे संस्थेच्या वसतिगृहांत व महाविद्यालयांत रुजवले. त्या तत्त्वाचे आजचे रूप म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थ्याने दिवसाकाठी काही तास बाग, कार्यालय, प्रयोगशाळा किंवा ग्रंथालय यांपैकी एका ठिकाणी काम करणे. बागेत काम मिळालेला विद्यार्थी पदवीनंतर बागकामाकडे वळतोच असे नाही, पण ग्रंथालयात काम मिळालेल्यांपैकी एखादा तेथेच रमतो. दुसरी वाट ग्रंथालय परिचराच्या, म्हणजे पुस्तके आणून देणाऱ्या व जागेवर ठेवणाऱ्या सेवकाच्या, हंगामी अथवा मानधनावरील जागेची. तिसरी अनुकंपा तत्त्वावर, म्हणजे सेवेत असताना निधन पावलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसाला मिळणाऱ्या जागेची. तिन्ही वाटांनी येणाऱ्या माणसाजवळ ग्रंथालयशास्त्राची पदवी नसते. महाविद्यालयाचा ग्रंथपाल त्याला पहिल्या दिवशी सिद्धान्त सांगत बसत नाही. तो त्याच्या हातात फडके देतो आणि कोणते कपाट कोणत्या विषयाचे आहे ते दाखवतो.

बाहेरच्याला पोरकट वाटणाऱ्या या कामाची रचना मात्र काटेकोर असते. पुस्तकविक्रेत्याकडून आलेले पुस्तक प्रथम देयकाशी पडताळले जाते, पाने उलट छापलेली किंवा गळालेली नाहीत ना हे पाहिले जाते, आणि मग त्याची दाखल नोंदवहीत नोंद होते. दाखल नोंदवही हा ग्रंथालयाचा मालमत्तेचा दस्तऐवज होय. तीत तारीख, दाखल अंक, लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, देयक क्रमांक आणि शेरा असे रकाने असतात, आणि एकदा दिलेला दाखल अंक त्या पुस्तकाच्या अंतापर्यंत बदलत नाही. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती आल्या तर पाच दाखल अंक पडतात, कारण प्रत हरवते, पुस्तक हरवत नाही. हा भेद उमेदवाराला पहिल्याच आठवड्यात समजतो. त्याचे पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण मात्र तो दोन-तीन वर्षांनी वाचतो. नोंद झाल्यावर शीर्षकपृष्ठावर आणि ग्रंथालयाने ठरवलेल्या एका 'गुप्त पाना'वर शिक्का बसतो, म्हणजे कोणी पहिले पान फाडले तरी पुस्तक ओळखता यावे. आत खिसा आणि तारीखपट्टी चिकटते, आणि पाठीवर चिठ्ठी लागते. गुप्त पान कोणते हे वाचकाला सांगायचे नसते. नव्या उमेदवाराला ते सांगितले जाते, आणि आपण आता वाचक राहिलो नाही, हे त्याला बहुधा तेव्हा प्रथम जाणवते.

त्यानंतर येते देवघेव, म्हणजे पुस्तके वाचकांना देणे आणि परत घेणे. संगणक येण्यापूर्वी बहुतेक महाविद्यालयांत चालणारी पद्धत नीना ब्राउन या अमेरिकन ग्रंथपाल स्त्रीच्या नावाने ओळखली जाते आणि ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. वाचकाजवळ लहान खिशासारखी पत्रे असतात, पुस्तकात पुस्तकपत्र असते. पुस्तक देताना पुस्तकपत्र वाचकाच्या खिशात सरकवायचे आणि ती जोडी एका तबकात परतीच्या तारखेच्या मागे ओळीने लावून ठेवायची, की कोणते पुस्तक कोणाकडे आणि केव्हा परत येणार हे न लिहिताच कळते. या पद्धतीत लेखणी जवळपास लागत नाही. लागतात ती चपळ बोटे आणि शिस्त. अशा एका तबकावर काही महिने बसलेल्या माणसाला रांग कशी हाताळावी, चिडलेल्या प्राध्यापकाला पुस्तक 'बाहेर आहे' हे कसे सांगावे आणि दंडाच्या पाच रुपयांवरून होणारी हुज्जत कशी संपवावी, हे सारे येते. अभ्यासक्रमात या गोष्टींना 'वाचकसेवा' असे एक भारदस्त नाव आहे.

आधी काम आणि मग विद्या हा क्रम ग्रामीण भागातील तडजोड आहे, दुष्काळी तालुक्याला परवडेल असा तो एक पर्याय आहे, अशी समजूत शहरी शिक्षणसंस्थांत आढळते. व्यवसायाचा इतिहास पाहता ती टिकत नाही. जगभरच्या ग्रंथालयांत वापरली जाणारी दशांश वर्गीकरण पद्धती रचणारा मेल्व्हिल ड्युई हा मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट महाविद्यालयाचा विद्यार्थी होता आणि शिकत असतानाच तेथील ग्रंथालयात सहायकाचे काम करीत होता. आजच्या भाषेत तो 'कमवा व शिका'चा विद्यार्थीच. वर्गीकरणाची कल्पना त्याने १८७३ मध्ये महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीपुढे मांडली आणि १८७६ मध्ये ती ४४ पानांच्या पुस्तिकेच्या रूपाने छापली गेली. त्या वेळी त्याच्याजवळ ग्रंथालयशास्त्राची पदवी नव्हती, कारण तशी पदवी देणारी शाळाच जगात नव्हती. ती शाळा त्याने स्वतःच १८८७ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात काढली, आणि तिच्या पहिल्या वर्गातील २० विद्यार्थ्यांपैकी १७ स्त्रिया होत्या, ही गोष्ट महाविद्यालयाच्या विश्वस्तांना रुचली नाही. (याच ड्युईने स्त्रियांशी केलेल्या गैरवर्तनाबद्दल आणि त्याच्या वंशद्वेषाबद्दल अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०१९ मध्ये आपल्या पदकावरील त्याचे नाव काढून टाकण्याचा ठराव केला. उमेदवारांच्या पाठ्यपुस्तकांत तो अजून निष्कलंक महापुरुष म्हणून वावरतो.)

भारतातील उदाहरण याहून बोलके आहे. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणिताचे अध्यापक होते. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले तेव्हा त्यांना ग्रंथालयाच्या कामाचे शिक्षण नव्हते. पहिल्या काही दिवसांत ते इतके कंटाळले की कॉलेजात परत येण्याची परवानगी मागायला गेले, आणि आधी इंग्लंडला जाऊन शिकून या, नंतरही कंटाळा आला तर परत घेऊ, असे त्यांना सांगण्यात आले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स यांच्याजवळ वर्गीकरण शिकले, अनेक ग्रंथालये हिंडून पाहिली आणि एका मोठ्या दुकानात 'मेकॅनो' हे सुट्या पट्ट्या व स्क्रू जोडून निरनिराळे आकार बनवण्याचे खेळणे पाहून त्यांना द्विबिंदू वर्गीकरणाची कल्पना सुचली. म्हणजे विषयाला एक तयार अंक देण्याऐवजी विषयाचे पैलू सुटे करून गरजेप्रमाणे जोडायचे. ही पद्धती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. नेमणूक आधी, शिक्षण मागून आणि शास्त्र त्याच्याही मागून, असा हा क्रम आहे. १२ ऑगस्ट हा रंगनाथन यांचा जन्मदिवस देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो आणि महाविद्यालयात त्या दिवशी त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. हार घालणाऱ्या हंगामी परिचराची स्थिती १९२४ मधील रंगनाथनांच्या स्थितीहून, निदान पदवीच्या बाबतीत, फारशी वेगळी नसते, हे मात्र कोणी बोलून दाखवत नाही.

मराठी वाचकाला या इतिहासातील आणखी एक दुवा जवळचा वाटावा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले आणि १९११ मध्ये तेथे ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. भारतातील अशा शिक्षणाचा तो आरंभ मानला जातो. त्या चळवळीचे 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठीतही मजकूर छापत असे, आणि चळवळीच्या कर्त्यांमध्ये जनार्दन सखाराम कुडाळकर हे नाव ठळक आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्या कायद्याखालील गावोगावच्या वाचनालयांसाठी काही महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग जिल्हा ग्रंथालय संघांमार्फत चालत आला आहे, आणि महाविद्यालयातील काही उमेदवार पदवीच्या आधी तोही उरकून घेतात.

पदवीचा, म्हणजे 'बी. लिब.'चा, अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एका वर्षाचा असतो. त्यासाठी कोल्हापूर किंवा पुणे येथे वर्षभर राहणे ज्यांना शक्य आहे ते विद्यापीठाच्या विभागात जातात. ज्यांना काम सोडता येत नाही त्यांच्यासाठी दूरशिक्षण आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने हा अभ्यासक्रम १९८९ मध्ये सुरू केला, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने पुढे तो मराठीतून आणला. मराठीतून आणणे ही साधी गोष्ट नव्हती, कारण त्यामुळे 'कॅटलॉगिंग'ला तालिकीकरण, 'क्लासिफिकेशन'ला वर्गीकरण, 'बिब्लिओग्राफी'ला ग्रंथसूची असे शब्द पाठ्यपुस्तकांत स्थिर झाले. ग्रंथालयातील बोली मात्र अजून 'ॲक्सेशन', 'रॅक', 'इश्यू', 'नो ड्यूज' अशीच आहे. परिणामी माणदेशातील, म्हणजे म्हसवड-आटपाडीच्या या मुलखातील, उमेदवार एकाच कामासाठी दोन भाषा शिकतो: सोमवार ते शनिवार एक आणि रविवारच्या संपर्कसत्रात, म्हणजे अभ्यासकेंद्रावर भरणाऱ्या वर्गात, दुसरी. उत्तरपत्रिकेत 'देवघेव विभाग' लिहिणारा तोच माणूस दुसऱ्या दिवशी 'काउंटर'वर बसतो.

या दोन भाषांमधील अंतर सर्वांत स्पष्ट दिसते ते वर्गीकरणात. ड्युईने ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग केले आणि त्यांतील ८०० हा वर्ग साहित्याला दिला. पुढे ८१० अमेरिकन, ८२० इंग्रजी, ८३० जर्मन, ८४० फ्रेंच, ८५० इटालियन, ८६० स्पॅनिश, ८७० लॅटिन, ८८० ग्रीक, आणि जगातील उरलेल्या सर्व भाषा ८९० मध्ये. त्या उरलेल्यांत मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ असा येतो, कवितेला ८९१.४६१, नाटकाला ८९१.४६२, कथा-कादंबरीला ८९१.४६३. इंग्रजी कादंबरी ८२३ या तीन अंकांत मावते, मराठी कादंबरीला सहा अंक लागतात. अभ्यासक्रमात ही बाब 'ड्युई पद्धतीच्या मर्यादा' या प्रश्नाच्या उत्तरात एका ओळीत येते. प्रत्यक्ष ग्रंथालयात, जेथे मराठी साहित्याचीच कपाटे सर्वाधिक असतात, ती रोजची अडचण होते: शंभर पानांच्या कवितासंग्रहाच्या बारीक पाठीवर सहा अंक, टिंब आणि खाली ग्रंथकारचिन्ह मावत नाही, चिठ्ठी वळवून पुढच्या पुठ्ठ्यावर चिकटवावी लागते, ती सुटते आणि पुस्तक बेवारस होते. ग्रंथालयाने आपल्या भाषेच्या साहित्याला जवळचा, आखूड अंक द्यावा अशी सवलत खुद्द ड्युई पद्धतीत आहे, पण ती घेण्याचे धाडस महाविद्यालये सहसा करीत नाहीत. परीक्षेत विचारला जाणारा अंक आणि कपाटावरचा अंक वेगळे पडले तर काय, अशी भीती असावी.

ग्रंथकारचिन्ह म्हणजे एकाच वर्गांकाखालील पुस्तके लेखकाप्रमाणे लावण्यासाठी दिलेली खूण. त्यासाठी कटर या अमेरिकन ग्रंथपालाने केलेले कोष्टक रोमन अक्षरांवर चालते. मराठी पुस्तकांना आडनावाची पहिली अक्षरे देण्याचा प्रघात आहे. माणदेशात ही युक्ती पहिल्याच कपाटाशी अडते. ग. दि. माडगूळकर आणि व्यंकटेश माडगूळकर हे दोघे भाऊ याच मुलखातले, आटपाडी तालुक्यातील माडगूळचे, आणि दोघांची खूण 'माड'. कविता आणि कादंबरी यांचे वर्गांक वेगळे असल्यामुळे बहुतेक पुस्तके आपोआप विलग होतात, पण गदिमांनीही कथा लिहिल्या आहेत, आणि तेथे दोघे भाऊ एका फळीवर मिसळतात. तेव्हा 'माडग' आणि 'माडव्यं' अशी वाढीव अक्षरे लावण्याचा निर्णय कोणीतरी घ्यावा लागतो, आणि तो एकदा घेतला की पुढे सर्वांनी पाळावा लागतो. नियम करण्यापेक्षा आधीचा नियम शोधून काढून पाळणे अधिक अवघड असते. जुन्या ग्रंथपालाने कोणत्या कारणाने काय केले हे पुष्कळदा कोठे लिहिलेले नसते.

याहून कठीण प्रश्न विषयाचा. व्यंकटेश माडगूळकरांचे १९४९ मधील 'माणदेशी माणसं' हे व्यक्तिचित्रांचे पुस्तक कथांमध्ये ठेवावे की ललित गद्यात? धनगरवस्तीवर आलेल्या तरुण शिक्षकाची गोष्ट सांगणारी 'बनगरवाडी' कादंबरी म्हणून ८९१.४६३ मध्ये जाते यात वाद नाही, पण समाजशास्त्राचा प्राध्यापक विद्यार्थ्यांना ग्रामव्यवस्थेसाठी तीच वाचायला सांगतो, आणि विद्यार्थी ती ३०० च्या, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या, कपाटांत शोधत राहतात. आटपाडीचे शंकरराव खरात पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचे 'तराळ-अंतराळ' हे आत्मचरित्र चरित्रांच्या ९२० मध्ये, साहित्यिक म्हणून मराठी साहित्यात की जातिव्यवस्थेचा दस्तऐवज म्हणून सामाजिक शास्त्रांत, याला तिन्ही उत्तरे शास्त्रशुद्ध देता येतात. पुस्तक मात्र एकाच जागी ठेवता येते. म्हणूनच तालिकेची, म्हणजे ग्रंथसंग्रहाच्या यादीची, गरज असते: जागा एक, पण नोंदी अनेक. हे वाक्य अभ्यासक्रमात असते. त्याचा अर्थ उमेदवाराला समजतो तो आत्मचरित्र मागणारे तीन विद्यार्थी तीन कपाटांपाशी उभे असताना.

नोंदींचा प्रश्न नावांपाशी आणखी गुंतागुंतीचा होतो. विभावरी शिरूरकर, मालती बेडेकर आणि लग्नापूर्वीच्या बाळूताई खरे ही एकाच लेखिकेची नावे. कोणत्या नावाखाली मुख्य नोंद करायची आणि कोणत्या नावांखाली फक्त 'पाहा' असा निर्देश द्यायचा, हे तालिकीकरणाचे नियम सांगतात. स्थळनामांचे असेच आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' या नावाने निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव बदलले. त्या अकरा वर्षांतील अहवाल आणि स्मरणिका 'दक्षिण सातारा' या नावाखाली नोंदल्या गेल्या, तर सांगलीचा इतिहास शोधणाऱ्या विद्यार्थ्याला त्या सापडत नाहीत. आटपाडीचा भाग त्यापूर्वी औंध संस्थानात होता, म्हणजे तेथील जुना कागद तिसऱ्याच नावाखाली शोधावा लागतो. म्हसवडजवळचा, एकोणिसाव्या शतकातील दुष्काळी काम म्हणून बांधलेला तलाव सरकारी दप्तरांत म्हसवडच्या नावाने येतो आणि लोकांच्या तोंडी राजेवाडीच्या नावाने. बाहेरून आलेल्या पदवीधर ग्रंथपालाला हा निर्देश सुचणे कठीण. गावातल्या परिचराला तो सुचतो, पण असा निर्देश करायचा असतो आणि तो करण्याची रीत आहे, हे त्याला ठाऊक नसते. या दोन अज्ञानांमधली जागा भरून काढणारा माणूस म्हणजे काम करीत शिकणारा उमेदवार, आणि या लेखाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व येथेच आहे. तो पदवीधराचा स्वस्त बदली कामगार असल्याप्रमाणे त्याच्याकडे पाहणाऱ्या संस्था आपलेच नुकसान करून घेतात.

वाचकांच्या बाबतीत या भागाचे एक वैशिष्ट्य नोंदवले पाहिजे. पावसावर भरवसा ठेवता येत नाही अशा तालुक्यात सरकारी नोकरी हेच बारमाही पाणी ठरते, आणि त्यामुळे ग्रंथालयाचे वाचनकक्ष स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांनी भरलेले असतात. हे वाचक कपाटातील पुस्तक क्वचित मागतात. त्यांना टेबल, खुर्ची, पंखा आणि शांतता हवी असते, पुस्तके ते स्वतःची आणतात. रंगनाथनांनी सांगितलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी कोणत्या नियमाने त्यांना वाचक म्हणावे हा प्रश्न ग्रंथपालांना पडतो, कारण देवघेवीच्या आकड्यांत ते येत नाहीत आणि हजेरीच्या नोंदवहीत मात्र पाने भरतात. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची, म्हणजे 'नॅक'ची, समिती येते तेव्हा हीच नोंदवही पुढे केली जाते. यात लबाडी आहे असे म्हणता येणार नाही. परंतु अभ्यासिका आणि ग्रंथालय या दोन गोष्टी एकाच छपराखाली नांदत आहेत, हे उमेदवाराने ओळखलेले बरे. १५ ऑक्टोबर हा अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो, त्या दिवशी मांडलेल्या प्रदर्शनाभोवती फिरणारे विद्यार्थी आणि चालू घडामोडींचे मासिक आधी कोणाला मिळावे यावरून रोज कुरबुर करणारे विद्यार्थी बहुधा वेगळे असतात.

उन्हाळ्यात, परीक्षा आटोपल्यावर, साठा पडताळणी होते. दाखल नोंदवहीतील प्रत्येक अंकासमोर पुस्तक प्रत्यक्ष आहे की नाही, याची खूण करण्याचे हे काम. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार २० हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाची पूर्ण पडताळणी दरवर्षी, २० ते ५० हजार असल्यास तीन वर्षांतून एकदा करायची असते, आणि देवघेव झालेल्या दर हजार ग्रंथांमागे पाचांची तूट, निष्काळजीपणा वा अप्रामाणिकपणा नसेल तर, वाजवी मानली जाते. पुस्तक कपाटाबाहेर गेल्याशिवाय वाचले जात नाही आणि बाहेर गेलेले कधीतरी हरवते, हे सरकारच्या हिशेबी भाषेतही मान्य असावे याचे कौतुक वाटते. महाविद्यालयांत मात्र या पाचाच्या सवलतीची माहिती फार थोड्यांना असते, आणि गहाळ पुस्तकांची किंमत आपल्या पगारातून जाईल या धास्तीने कपाटांना कुलपे लागतात. मुक्तद्वार पद्धती, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक निवडणे, या विषयावर उमेदवार पंधरा गुणांचे उत्तर लिहितो आणि सोमवारी कुलपाची किल्ली खिशात घालून बसतो.

संगणकाने पुष्कळ काही बदलले. न्यूझीलंडमध्ये २००० मध्ये प्रथम वापरात आलेली आणि मोफत मिळणारी 'कोहा' ही प्रणाली (माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट), गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'सोल' आणि त्याच केंद्राची महाविद्यालयांना ई-नियतकालिके पुरवणारी 'एन-लिस्ट' ही योजना यांमुळे तालुक्यातील वाचकापुढे जे साहित्य आले ते पूर्वी विद्यापीठाच्या ग्रंथालयातही नसे. पण मराठी नोंदींची एक व्यथा तांत्रिक शिक्षणात येत नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच सांकेतिक क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी अनेक ठिकाणी याद्या 'श्री-लिपी'सारख्या फाँटमध्ये टंकित झाल्या. त्या नव्या प्रणालीत नेल्या की 'माडगूळकर'च्या जागी रोमन चिन्हांचा कचरा उमटतो. ही पुस्तके पुन्हा एकेक हातात घेऊन टंकित करावी लागतात, आणि हे काम अपरिहार्यपणे उमेदवाराकडे येते. त्याला ते कंटाळवाणे वाटते. तरीही संपूर्ण संग्रह एकदा हाताखालून जाण्याची अशी संधी पुढे ग्रंथपाल झाल्यावर मिळत नाही.

पुढची पायरी उंच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे महाविद्यालयीन ग्रंथपालाला ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी आणि त्यावर नेट अथवा सेट परीक्षा लागते. त्याची वेतनश्रेणी अध्यापकाच्या बरोबरीची असते, तर लिपिक आणि परिचर शिक्षकेतर सेवकांत मोडतात. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसणाऱ्या दोघांमधील हे अंतर बी. लिब.ने मिटत नाही. अनुदानित जागा थोड्या, विनाअनुदानित ठिकाणी मानधन तुटपुंजे. त्यामुळे पात्रता मिळवूनही परिचराच्याच जागेवर राहिलेली माणसे या व्यवसायात आहेत. ग्रंथपाल रजेवर असताना तालिका, देवघेव आणि वाचक हे सारे तीच सांभाळतात.

अभ्यासक्रमाच्या अखेरीस उमेदवाराला एक लहान प्रकल्प करावा लागतो आणि बहुतेक जण वापरकर्त्यांची प्रश्नावली भरून घेऊन तो उरकतात. माणदेशात दुसरे एक काम वाट पाहत पडले आहे. माणदेश या नावाने ओळखला जाणारा मुलूख माण, खटाव, आटपाडी, सांगोला, माळशिरस असा सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांत पसरला आहे; सोलापूरला २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ मिळाल्यापासून तो दोन विद्यापीठांतही विभागला गेला. ड्युईच्या प्रदेशकोष्टकात महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ येथे येतो, पण कोणत्याही प्रशासकीय नकाशावर नसलेल्या माणदेशाला स्वतःचा अंक मिळण्याची सोय नाही. यात्रेच्या पत्रिका, चारा छावण्यांच्या नोंदी, पाणी परिषदांची पत्रके, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, स्थानिक साप्ताहिकांचे दिवाळी अंक हे साहित्य त्यामुळे तीन ठिकाणी विखुरते किंवा रद्दीत जाते. यावर उपाय अंकाचा नसून विषयशीर्षकाचा आहे: पुस्तके त्यांच्या त्यांच्या जागी राहू द्यायची आणि तालिकेत 'माणदेश' या एका शीर्षकाखाली सर्वांची नोंद करायची, पत्रकांसाठी जाड पुठ्ठ्याच्या पेट्या करायच्या, प्रत्येक पेटीवर वर्ष लिहायचे. त्यासाठी लागते ती दाखल नोंदवही, काही पेट्या, आणि राजेवाडी म्हणजे म्हसवड तलाव हे ठाऊक असलेला व 'पाहा' हा निर्देश कसा लिहायचा हे शिकलेला एक माणूस.